थांबा! आता मी करून बघतो

७ जून २०२३. बुधवार होता. सकाळपासून कोल्हापूर बंद होतं. दुपारचा चहा ठेवत होते, तेवढ्यात दार वाजलं. मागच्या गल्लीतल्या वहिनी धापा टाकत उभ्या होत्या. “ताई, आमचं पोरगं हिकडं आलंय का हो? सकाळधरनं घरात न्हाई. फोन बी उचलंना.” पोरगं सोळा वर्षांचं. नुकतीच दहावी झालेली, निकाल लागलेला, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रंकाळ्यावर पळायला जाणारं. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी काही ते घेतलं नाही. शिवाजी चौकात जमाव जमल्याचं, दगडफेक झाल्याचं, पोलिसांनी लाठीमार केल्याचं आणि अश्रुधूर सोडल्याचं एव्हाना सगळ्यांच्या कानावर आलं होतं. इंटरनेट बंद झालं होतं, त्यामुळे खरं किती नि अफवा किती, हेही कळत नव्हतं.

मुलगा संध्याकाळी परतला. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. आईनं आधी दोन थोबाडीत दिल्या, मग मिठी मारली, मग रडली. मी विचारलं, “बाळ, कशाला गेला होतास तिथं?” तो मान खाली घालून म्हणाला, “सगळी निघाली म्हणून गेलो काकी.”

मैत्रिणींनो, हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यानं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, इतिहासाचा अभ्यास केला नव्हता, कुणाशी त्याचं वैरही नव्हतं. सगळी निघाली, म्हणून तो निघाला. आणि ज्या मोबाईल स्टेटसवरून हे सगळं पेटलं, ते ठेवणाऱ्यांतही अल्पवयीन मुलं होती. म्हणजे पेटवायला पोरं आणि पेटायलाही पोरंच!

कोल्हापूरला हे नवं वाटलं, कारण आपण स्वतःला शाहूंच्या गावची माणसं म्हणवतो. इथं तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला तर पाच मशिदींत गणपती बसवतात. पण नुसत्या अभिमानावर किती दिवस काढणार? सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून मिरज पेटली, त्याची झळ इचलकरंजी-कोल्हापूरपर्यंत आली. १४ जुलै २०२४ च्या रविवारी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरला घरं फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीची नासधूस झाली. विशाळगडच्या अतिक्रमणाचा वाद काय असेल तो असो. गजापुरातल्या बायकांची चूल मोडून तो सुटणार नव्हता.

हे एकाच धर्माचं, एकाच विचाराचं दुखणं आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१४ मध्ये कल्याणचे चार शिकलेले तरुण घरी न सांगता इराकला निघून गेले, त्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला. गडचिरोलीत कोवळ्या वयाची मुलं-मुली बंदूक घेऊन जंगलात गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये पुण्यात खून झाला. त्या खटल्यात मे २०२४ मध्ये तिघे सुटले आणि दोघांना जन्मठेप झाली. ते दोघेही तरुणच. आणि आपल्या कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. झेंड्याचा रंग कुठलाही असो, त्याच्यामागे कुणीतरी एक आई असते, आणि बहुतेक वेळा तिलाच सगळ्यात शेवटी कळतं.

मुलगा ओढला कसा जातो, हे गेल्या दोन-अडीच वर्षांत मी बऱ्याच आयांकडून ऐकलं. गंमत म्हणजे आया वेगवेगळ्या, मोहल्ले वेगवेगळे, पण गोष्ट तीच. आधी कुणीतरी एक ‘दादा’ किंवा ‘भाई’ भेटतो. तो पोराला नावानं हाक मारतो, चहा पाजतो, गाडीवर मागं बसवतो. घरात ‘अभ्यास कर’, शाळेत ‘मागं बस’ आणि बाहेर ‘काय करतोस?’ एवढंच ऐकणाऱ्या पोराला पहिल्यांदाच वाटतं, आपल्याला कुणीतरी विचारतंय. मग छोटं काम येतं. बॅनर बांध, मेसेज दहा ग्रुपवर टाक, अमक्या वेळी चौकात ये. मग एक गोष्ट सांगितली जाते, ज्यात आपण सगळे चांगले आणि ते सगळे वाईट. त्या गोष्टीत पोराला रक्षणकर्त्याची भूमिका मिळालेली असते. विचार पटला म्हणून मुलं जातात, असं आपल्याला वाटतं. मला दिसलं ते उलटं. भूमिका आधी मिळते, विचार मागून चिकटतो.

आणि आपण काय करतो? व्याख्यान ठेवतो! मीही ठेवलं. त्या जूननंतर दोन महिन्यांनी आमच्या महिला मंडळानं एका शाळेत सलोख्यावर कार्यक्रम घेतला. दीपप्रज्वलन झालं, नारळ-पुष्पगुच्छ झाले, पाहुणे तास-सव्वा तास बोलले. चांगलंच बोलले. शाहू महाराज आले, बंधुभाव आला. मागच्या तीन रांगांतली मुलं चुळबूळ करत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. आभार झाल्यावर एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काकी, सगळी आम्हाला सांगत्यात. आम्हाला कोण विचारतंय?” खरं सांगते, मला राग आला. घरी येऊन भाकरी थापताना मात्र कळलं, की पोरगं बरोबर बोललं होतं. त्या ‘दादा’नं जे पहिल्या दिवशी केलं, ते आम्ही सव्वा तासात एकदाही केलं नव्हतं.

मग आमच्याकडं नाटक आलं. नाटक कोल्हापूरला नवं नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचे जलसे तमाशाच्याच बाजानं गावोगाव फिरले आणि न वाचता येणाऱ्या माणसाला त्यांनी प्रश्न विचारायला लावलं. राष्ट्र सेवा दलाची कलापथकं फिरली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके तिथूनच पुढं आले. आणि आपल्यापैकी कितीतरी जणींनी स्त्रीमुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ बघितलं असेल. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ते नाटक १९८३ मध्ये आलं आणि गल्लीबोळांतून, एसटी स्टँडसमोर, शेताच्या बांधावर पोचलं. शाळा-कॉलेजच्या बाहेर, हजेरी-परीक्षेशिवाय मिळणारं शिक्षण म्हणजे अनौपचारिक शिक्षण, असं पुस्तकात लिहितात. ते हेच.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नाटक, गाणं ही काही जन्मतः सज्जन गोष्ट नव्हे. गडचिरोलीच्या जंगलात माओवाद्यांचंही ‘चेतना नाट्यमंच’ नावाचं कलापथक होतं. गाण्या-नाचांतूनच आदिवासी मुलं-मुली त्यांच्याकडं ओढली गेली. मिरवणुकीतल्या डीजेवर जी गाणी वाजतात, ती ऐकूनही पोरांच्या अंगात येतंच की. म्हणजे नाटक आपलंही असतं आणि त्यांचंही. मग फरक कशात? तर स्टेजवरच्यानं बोलायचं आणि खालच्यानं टाळ्या वाजवायच्या, एवढंच असेल तर फार फरक नाही. खालच्याला उठून गोष्ट बदलता येते का, हा खरा फरक.

ही उठून गोष्ट बदलण्याची रीत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल या नाटककारानं रूढ केली. त्याच्या देशात लष्करी राजवट होती. त्याला तुरुंगात टाकलं, छळलं, देश सोडावा लागला. १९७३ च्या सुमारास तो पेरू देशात प्रौढ साक्षरतेच्या कामात होता, पावलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारावर चाललेल्या. तिथं घडलेला किस्सा त्यानंच सांगितलाय, आणि तो आपल्या पुरवणीत यायलाच हवा! एका बाईनं आपली कहाणी सांगितली. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्यानं तिच्याकडं काही कागद जपून ठेवायला दिले. महत्त्वाची कागदपत्रं म्हणून तिनं जपली. शेवटी शेजारणीकडून वाचून घेतली, तर ती दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं! नवरा घरी आल्यावर आता तिनं काय करावं? बोआलची मंडळी प्रेक्षकांना विचारत आणि ते सांगतील तसं करून दाखवत. एक धिप्पाड बाई म्हणाली, “तिनं त्याच्याशी स्पष्ट बोलावं.” नटीनं स्पष्ट बोलून दाखवलं. बाईचं समाधान होईना. पुन्हा केलं. तरी होईना. शेवटी बोआल वैतागून म्हणाला, मग तुम्हीच या आणि दाखवा. ती बाई वर आली, झाडूचा दांडा घेतला आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला आधी चोप चोप चोपलं. मग बसून ‘स्पष्ट’ बोलली! त्या दिवशी बोआलला कळलं, की प्रेक्षकाच्या मनातलं नटाला कळत नाही. त्याला स्वतःलाच वर येऊ द्यावं लागतं.

तेव्हापासून ही रीत ठरली. दहा-पंधरा मिनिटांचं नाटुकलं करायचं, त्याचा शेवट वाईटच ठेवायचा. मग तेच पुन्हा सुरू करायचं. बघणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलं, की इथं या माणसानं वेगळं वागायला हवं होतं, की त्यानं ओरडायचं, “थांबा!” आणि वर येऊन, त्या पात्राच्या जागी उभं राहून स्वतः करून दाखवायचं. बाकीची पात्रं मात्र मुकाट ऐकत नाहीत, आडवी येतात. एक सूत्रधार असतो. तो उत्तर सांगत नाही, फक्त विचारतो, “असं घडेल का? अजून कुणाला काही सुचतंय?” आपल्या देशात पश्चिम बंगालमधल्या जन संस्कृती या संस्थेनं १९८५ पासून सुंदरबनच्या खेड्यांत हे काम उभं केलं. आपल्याकडं दाभोलकरांच्या खुनानंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना रिंगणनाट्य शिकवलं. पडदा नाही, स्टेज नाही, माणसांच्या गोलात उभं राहून करायचं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्तीतली मुलं तिथं स्वतःचं जगणं स्वतःच लिहून स्वतःच सादर करू लागली. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण बोलायची पाळी ज्याची त्याला दिली, हे सगळीकडं सारखं.

आमच्या मंडळाचा हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो. राज्य नाट्यस्पर्धेत काम करणारा एक तरुण सूत्रधार व्हायला तयार झाला. दोन निवृत्त बाई आल्या. आधी आमच्या गल्लीतली मुलं आली, मग पलीकडच्या मोहल्ल्यातली चार मुलं नि दोन मुली. पहिले तीन रविवार नुसते खेळ. आरशासारखं एकमेकांची नक्कल करायची, डोळे मिटून दुसऱ्याच्या हाताला धरून चालायचं. मला वाटलं, हे कसलं काम! पण डोळे मिटून ज्याच्या हातात हात दिला, त्याला नंतर ‘ते लोक’ म्हणणं जड जातं, हे तिथं बघितलं.

चौथ्या रविवारी मुलांनी स्वतःच विषय काढला. नाव ठेवलं ‘स्टेटस’. एक मुलगा डिवचणारं स्टेटस ठेवतो. त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या मुलाच्या ग्रुपवर येतो. खाली मेसेज, ‘उद्या नऊला चौकात, न येणाऱ्यानं बांगड्या भराव्यात.’ मुलगा जातो. दगड उचलतो. केस होते. भरतीचं मैदान मारतो, लेखी निघते, पण चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्यातली ती नोंद समोर येते. शेवटी आई नि मुलगा दोघंही गप्प बसून असतात. संपलं. यातलं काहीच मुलांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग पुन्हा सुरुवात. पहिला “थांबा!” आला तो एका हुशार मुलाचा. त्यानं ग्रुपवर शांततेचं छान भाषण केलं. ग्रुप झालेल्या पोरांनी त्याला ‘घाबरट’ म्हणून हाकलून लावलं. आमच्या व्याख्यानाचं काय झालं होतं, ते मला समोर दिसलं! दुसऱ्यानं मोबाईलच बंद करून टाकला. सगळी पोरं ओरडली, “असं कुठं होतंय व्हय!” तिसरा “थांबा!” मोहल्ल्यातल्या एका मुलाचा. त्याला दगड उचलणाऱ्याची जागा नको होती, स्टेटस ठेवणाऱ्याची हवी होती. सूत्रधारानं दिली. त्यानं नाटक आदल्या दिवसावर नेलं. क्रिकेटच्या मैदानावर कुणीतरी त्याला ‘तुझ्या देशात जा’ म्हणतं, सगळे हसतात, त्याचा मित्रही हसतो. घरी येऊन तो एकटाच बसतो आणि मग ते स्टेटस ठेवतो. ते स्टेटस बरोबर होतं, असं तो म्हणाला नाही. “पण त्याच्या आधी हे झालं होतं,” एवढंच म्हणाला. हॉलमध्ये कुणी बोललं नाही. मग आमच्यातलाच एक मुलगा उठला, त्या हसणाऱ्या मित्राच्या जागी उभा राहिला आणि हसला नाही. “ए, गप रे,” एवढं दोन शब्द म्हणाला. दगडाच्या एक दिवस आधी, दोन शब्दांचं काम होतं!

आणि मग मागून आवाज आला, “थांबा! आता मी करून बघतो.” त्याच वहिनी! मुलाला न्यायला म्हणून लवकर आल्या होत्या. (आमच्याकडच्या बायका ‘मी करतो’, ‘मी जातो’च म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांना सांगून ठेवते.) आम्हाला वाटलं, त्यांना आईचं काम करायचंय. पण त्या म्हणाल्या, “आईचं न्हाई. पोराचं.” आणि आईच्या जागी उभं राहायला कोण तयार झालं? त्यांचाच मुलगा. खांद्यावर ओढणी घेऊन तो आई झाला. पोरं आधी खूप हसली.

वहिनी मुलगा होऊन मोबाईल हातात घेऊन आत आल्या. मुलगा आई होऊन म्हणाला, “जेवलास काय? ताट झाकून ठेवलंय.” वहिनी थांबल्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मुलगा पाठ फिरवून म्हणाला, “मोबाईल ठेव आधी. बाबा आलं की बघ.” वहिनी तशाच उभ्या राहिल्या. मग जाऊन कोपऱ्यात बसल्या. सूत्रधारानं हळूच विचारलं, “काय झालं?” त्या म्हणाल्या, “मला सांगायचं होतं उद्या काय हाय ते. पण हिला कसं सांगू? ही ऐकतच न्हाई.” ‘ही’ म्हणजे त्या स्वतःच! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलाच्याही. मीसुद्धा पदर डोळ्याला लावला. माझाही मुलगा त्या वयाचा होता तेव्हा मीही ताट झाकून ठेवण्यात धन्यता मानली होती.

आता विचाराल, मग पोरगं सुधारलं का? नाटकानं माणूस एका सकाळीत बदलतो, असं मी म्हणणार नाही. तो त्या ग्रुपमधून बाहेर पडला का, मी विचारलेलं नाही. पण जुलै २०२४ मधल्या त्या शनिवारी रात्री जेवताना त्यानं आईला सांगितलं, “उद्या विशाळगडाला चाललीत सगळी. मला बी बोलावलंय.” वहिनी उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नवऱ्याला हाक मारली नाही. म्हणाल्या, “बस. सांग मला, कोण कोण चाललंय?” दोघं बारा वाजेपर्यंत बोलत बसली. रविवारी तो गेला नाही. त्याचा जिवलग मित्र मात्र गेला. तोही आमच्याकडं दोन रविवार येऊन गेला होता, मग त्याला कंटाळा आला. त्याला आम्ही अडवू शकलो नाही, ही टोचणी आहे.

म्हणून या कामाच्या मर्यादाही सांगते. जे मोठे लोक मागं राहून पोरांना पुढं ढकलतात, ते आमच्या हॉलमध्ये येणार नाहीत. त्यांचा बंदोबस्त कायद्यानंच करायला हवा, आणि तो करताना धर्म बघू नये. नाटकाच्या नावाखाली पोरांची खबर काढणं, तर मुळीच नको. आम्ही मोबाईल दारातल्या टोपलीत ठेवतो. फोटो नाही, व्हिडिओ नाही, कारण इथं पोरगं जे बोललं त्याचंच उद्या स्टेटस व्हायचं! कुणालाही स्वतःची चूक स्वतःच्या नावानं करायला लावत नाही. ‘बरोबर उत्तर’ आमच्याकडं तयार नसतं. असतं, तर ते पुन्हा व्याख्यानच झालं असतं. आणि मुली हव्यातच. ‘बांगड्या भरा’ हा टोमणा पोरांना सगळ्यात जास्त लागतो. तो मुलींच्या समोर बोलला गेला, की त्यातली हवा निघते. आमच्याकडं एका मुलीनं सरळ हात पुढं केला, “बघ, भरल्यात. काय वाईट झालंय?”

दुसरं म्हणजे, हे दंगल झाल्यावर धावतपळत करायचं काम नाही. भिवंडीत १९७० ला दंगल झाली, १९८४ ला झाली. नंतर तिथं पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं नेमानं एकत्र बसू लागली, नळाच्या भांडणापासून सगळं बोलू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. ओळख आधी झालेली होती, म्हणून अफवेला जागा मिळाली नाही. शांतता कमिटीची बैठक पेटल्यावर बोलावतात, हा आपला जुना दोष आहे.

मग तुमच्या-माझ्यासारखीनं काय करावं? बचत गटाची खोली, तालमीचा हॉल, देवळाचा सभामंडप, शाळेचा रिकामा वर्ग, काहीही चालतं. आठवड्याचे दोन तास लागतात. एखादं नाटकवेडं पोरगं प्रत्येक गावात असतं, त्याला बोलवा. किमान दहा-बारा आठवडे चिकाटी ठेवा. पलीकडच्या गल्लीतल्या आईला आधी स्वतः जाऊन भेटा, मुलं मग येतात. आणि हे काहीच जमलं नाही, तर घरात एवढं तरी करा. मुलगा एकदम गप्प झाला, जुने मित्र तुटले, बोलताना ‘ते लोक’ नि ‘आपण’ सारखं येऊ लागलं, खिशात हिशेब न लागणारे पैसे दिसले, रात्री-अपरात्री ‘दादा’चे फोन येऊ लागले, तर लगेच मोबाईल हिसकावू नका. ताट वाढा, पण समोर बसा. “जेवलास काय?” याच्या पुढचा एक प्रश्न विचारा. आणि उत्तर आवडलं नाही तरी पूर्ण ऐका.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंगची सोय केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे आपण दर जयंतीला ऐकतो. मला अलीकडं त्यांची आणखी एक गोष्ट आठवते. त्यांनी कुस्तीसाठी खासबागचं मैदान बांधलं आणि त्याला लागूनच नाटकासाठी पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं तेव्हा रस्त्यावर उभी असलेली माणसं ओक्साबोक्शी रडत होती. तरण्या पोरांच्या अंगातली रग कुठंतरी जाणारच, हे महाराजांनी ओळखलं होतं. एका बाजूला रग जिरवायला आखाडा आणि शेजारीच दुसऱ्याचं सुखदुःख अंगावर घ्यायला रंगमंच. दोन्हीकडं नियम असतात, दोन्हीकडं खेळ संपल्यावर माणूस समोरच्याला मिठी मारून घरी जातो. आज पोरांना रग दाखवायला चौक उरलाय, आणि तिथून परतायची वाट आपण त्यांना शिकवलेली नाही.

परवा रविवारी हॉलला कुलूप लावताना वहिनी म्हणाल्या, “ताई, पुढच्या बारीला मी माझ्या जावेला पण आणतो. तिचं पोरगं बी हल्ली घरात बोलंना.” मी म्हटलं, आणा की! एक सतरंजी जास्त टाकू.